स्वयंचलित प्रेषण द्रव व त्याचे सुरक्षित तापमान

मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये (दंतचक्र पेटीमध्ये) भरलेल्या विशिष्ट तेलाला स्वयंचलित प्रेषण द्रव म्हणतात. साध्या, हाताने गिअर बदलण्याच्या पेटीतील तेलाचे कार्य मुख्यतः वंगणाचे असते. स्वयंचलित पेटीतील द्रवाला मात्र एकाच वेळी चार कामे करावी लागतात. तो एंजिनाची शक्ती चाकांकडे वाहून नेतो. झडपा व दट्ट्ये हलविण्यासाठी लागणारा दाब पोचवितो. क्लचच्या तबकड्यांमध्ये राहून त्यांची पकड मृदू पण निश्चित ठेवतो आणि दंतचक्रे व धारवे यांचे वंगण करून निर्माण झालेली उष्णता बाहेर नेतो. या चारही कामांवर तापमानाचा थेट परिणाम होतो. द्रव फार थंड असल्यास तो दाट होतो व झडपा वेळेवर हलत नाहीत. फार तापल्यास तो पातळ होतो, त्याचे ऑक्सिडीभवन होते आणि रबरी सील व क्लचच्या तबकड्या निकामी होतात. या द्रवाचे सुरक्षित तापमान कोणते, या प्रश्नाला दिलेली उत्तरे गेल्या सु. ऐंशी वर्षांत अनेकदा बदलली आहेत. बाजारात एके काळी रूढ झालेले आकडे, ज्या द्रवासाठी ते बनले तो द्रव मागे पडल्यानंतरही वापरात राहिले, असे या इतिहासावरून दिसते.

उष्णतेचा उगम : स्वयंचलित पेटीतील बहुतेक उष्णता परिबल परिवर्तकात, म्हणजे व्यवहारातील टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, निर्माण होते. यात एंजिनाने फिरविलेले पंख्यासारखे चक्र द्रवाला बाहेरच्या दिशेने फेकते व त्या द्रवाच्या आघाताने समोरचे दुसरे चक्र फिरते. दोहोंमध्ये घन पदार्थाचा जोड नसतो. त्यामुळे दुसरे चक्र नेहमी पहिल्यापेक्षा थोडे मागे राहते. या मागे राहण्यास सरक म्हणतात. सरकेमुळे वाया जाणारी शक्ती द्रवात उष्णतेच्या रूपाने उरते. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना हा व्यय शेकडा काही टक्केच असतो. गाडी ब्रेक लावून जागेवर धरली व एंजिनाचा वेग वाढविला, तर दुसरे चक्र फिरतच नाही आणि एंजिनाची सर्व शक्ती उष्णतेत रूपांतरित होते.

या स्थितीची तीव्रता साध्या गणिताने कळते. पेटीत सु. ९ लि., म्हणजे जवळजवळ ८ किग्रॅ. द्रव आहे असे मानले आणि त्याची विशिष्ट उष्णता दर किग्रॅ.ला दर अंशास सु. २ किलोजूल धरली, तर ४० किलोवॉट शक्ती उष्णतेत गेल्यास सर्व द्रवाचे तापमान दर सेकंदाला सु. अडीच अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात प्रथम टॉर्क कन्व्हर्टरमधील निम्माच द्रव तापत असल्याने तेथील वाढ याच्या दुप्पट असते. कार्यशाळेत एंजिन व पेटी यांची अशी रोध-चाचणी घेताना ती पाच सेकंदांहून अधिक काळ चालवू नये, असा दंडक असतो त्याचे कारण हेच. चढ, जड ओढगाडी, वाळू वा चिखल, तसेच रहदारीत वारंवार थांबणे व निघणे या सर्व प्रसंगी सरक वाढते व द्रव तापतो.

प्रारंभीचा काळ : द्रवामार्फत शक्ती पोचविण्याची कल्पना मोटारगाडीसाठी जन्मली नाही. जर्मन अभियंते हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी अशा यंत्रणेचे एकस्व घेतले. बाष्प टरबाइन वेगाने फिरते, तर जहाजाचा मळसूत्री पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोहोंची सांगड घालणे हा त्यांचा हेतू होता. मोटारगाडीत हे तत्त्व १९३० मध्ये ब्रिटनमधील डेमलर कंपनीने आणले. त्या गाड्यांत द्रव युग्मक व आधी निवडून ठेवता येणारे गिअर यांची जोडी होती. गिअरची निवड मात्र चालकालाच करावी लागे.

पूर्णपणे आपोआप गिअर बदलणारी व मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली रचना म्हणजे जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक होय. अर्ल टॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ती सिद्ध केली व १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत ती बसविण्यात आली. तिच्यात द्रव युग्मक आणि ग्रहीय दंतचक्रमाला यांच्या साहाय्याने पुढे जाण्याचे चार गिअर मिळत. वरच्या गिअरांमध्ये शक्तीचा काही भाग युग्मकाला वगळून थेट दंतचक्रांतून जाई, त्यामुळे सरक व तिच्यापासून होणारी उष्णता मर्यादित राही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन एंजिने व दोन हायड्रा-मॅटिक पेट्या बसविल्या होत्या. रणगाड्यातील खडतर वापराने या रचनेच्या टिकाऊपणाची कसोटी घेतली.

युद्धानंतरच्या रचनांत गुळगुळीत चालीला अधिक महत्त्व आले. १९४८ च्या ब्यूइक गाड्यांतील डायनाफ्लो या पेटीत सर्वसाधारण प्रवासात गिअर बदलच होत नसे. गाडी सुरू होण्यापासून पूर्ण वेग येईपर्यंत सर्व काम टॉर्क कन्व्हर्टरच करी. चाल अत्यंत मृदू झाली, परंतु सरक वाढली आणि इंधनाबरोबर उष्णतेचाही व्यय वाढला. पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिक पेटी आणली. तीत ठराविक वेगानंतर कन्व्हर्टरची दोन्ही चक्रे एका क्लचने परस्परांस घट्ट जोडली जात व सरक शून्य होई. उष्णता कमी करण्याचा हा मार्ग तांत्रिक दृष्ट्या योग्य होता, पण त्यासाठी खर्च अधिक येई. इंधन स्वस्त असल्याने अमेरिकेत तो पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे मागे पडला.

वेगळ्या द्रवाची गरज : पहिल्या पेट्यांत वापरलेली तेले एंजिनाच्या तेलाशी बरीचशी मिळतीजुळती होती. अनुभवाने असे आढळले, की एंजिनासाठी योग्य असलेले तेल या पेटीत दीर्घकाळ टिकत नाही. येथे द्रव सतत घुसळला जातो, हवेशी मिसळतो आणि तांबे व पोलाद या धातूंच्या सान्निध्यात तापतो. हवा, उष्णता व तांबे हे तीनही घटक ऑक्सिडीभवनाला पोषक आहेत. म्हणून जनरल मोटर्सने १९४९ मध्ये टाइप-ए या नावाचे विनिर्देश (गुणधर्मांची ठरीव अट) जाहीर केले. इतर कंपन्यांनी बनविलेले तेल या अटींना उतरले, तर त्यास परवाना-क्रमांक मिळे. १९५७ मध्ये याची सुधारित आवृत्ती आली. फोर्ड कंपनीने १९५९ पासून स्वतःचे वेगळे विनिर्देश ठेवले. त्यांतून टाइप-एफ हा प्रकार प्रसिद्धीस आला. यात घर्षण कमी करणारी समावेशके (थोड्या प्रमाणात मिसळली जाणारी पूरक रसायने) नसत, त्यामुळे क्लचची पकड कडक राही. या द्रवांना लाल रंग दिला जाई. गाडीखाली पडलेला थेंब एंजिनाच्या तेलाचा की गिअरबॉक्सचा, हे त्यामुळे ओळखता येई. दोन पद्धतींतील घर्षणाचे गुण भिन्न असल्याने एकाचा द्रव दुसऱ्याच्या पेटीत घातल्यास गिअर बदलताना थरथर किंवा धक्के जाणवत.

देवमाशाचे तेल : टाइप-ए व त्यानंतर १९६७ मध्ये आलेला डेक्सरॉन या द्रवांत घर्षण-नियंत्रक म्हणून स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरीत. या देवमाशाच्या डोक्यातील पोकळीतून व त्वचेखालील चरबीतून मिळणारे तेल इतर प्राणिज तेलांप्रमाणे ग्लिसराइडांचे नसते. ते मुख्यतः मेणी एस्टरांचे, म्हणजे द्रवरूप मेणाचे असते. त्याचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. उष्णता व दाब यांना ते पुष्कळ काळ तोंड देते आणि त्यावर गंधकाची प्रक्रिया केल्यास त्याचे वंगणगुण आणखी वाढतात. गरम क्लचच्या तबकड्यांमध्ये पकड टिकवूनही धक्का न बसू देणे, हे नाजूक काम या तेलाने उत्तम प्रकारे साधले होते.

स्पर्म देवमाशांची संख्या शिकारीमुळे घटत गेल्याने अमेरिकेने १९७० मध्ये त्यांचा समावेश संकटग्रस्त जातींच्या यादीत केला व त्यांच्या तेलाच्या आयातीला बंदी घातली. १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण अधिनियम व १९७३ चा संकटग्रस्त जाती अधिनियम यांनी हे धोरण पक्के झाले. त्यामुळे तेल-उत्पादकांना पर्याय शोधणे भाग पडले. १९७२ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-२ या द्रवात देवमाशाचे तेल नव्हते. या नव्या द्रवाच्या पहिल्या आवृत्तीमुळे तेल थंड करणाऱ्या शीतकातील पितळी नळ्यांच्या जोडांवरील डाख झिजू लागल्याचे आढळले. शीतक गळू लागला म्हणजे रेडिएटरमधील पाणी व गोठणरोधक ग्लायकॉल द्रवात मिसळतात. कागदी तंतूंचे अस्तर असलेल्या क्लचच्या तबकड्यांना हे मिश्रण घातक ठरते. अस्तर फुगते, गोंद सुटतो आणि पेटी बंद पडते. १९७५ मध्ये गंजरोधक समावेशक घालून द्रवाची सुधारित आवृत्ती काढण्यात आली, तेव्हा हा दोष आटोक्यात आला. मेणी एस्टरांचा नैसर्गिक पर्याय म्हणून होहोबा या मरुभूमीतील झुडपाच्या बियांच्या तेलाचाही या काळात अभ्यास झाला, परंतु मोठ्या प्रमाणावर अखेर संश्लेषित समावेशकेच रूढ झाली.

समावेशकाचे एकच कार्य लक्षात घेऊन त्याची अदलाबदल करता येत नाही, हे या प्रसंगातून उघड झाले. देवमाशाचे तेल घर्षणाचे नियमन करी, उष्णतेला टिकून राही आणि डाखासारख्या मृदू धातूंना अपायही करीत नसे. पहिल्या गुणाचा पर्याय चटकन सापडला. उरलेल्या गुणांची किंमत किती होती, हे ते नाहीसे झाल्यावर कळले.

तापमान व आयुष्य यांचे कोष्टक : द्रव किती तापला तर किती काळ टिकेल, याविषयीचे एक कोष्टक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील दुरुस्ती-व्यवसायात सर्वत्र पसरले. मूळ आकडे फॅरनहाइट अंश व मैल यांत असून त्यांचे सेल्सिअस अंश व किलोमीटर यांतील स्थूल रूप पुढीलप्रमाणे आहे.

७९° से. : १,६०,००० किमी.
९१° से. : ८०,००० किमी.
१००° से. : ४०,००० किमी.
११३° से. : २०,००० किमी.
१२४° से. : १०,००० किमी.
१३५° से. : ५,००० किमी.
१४६° से. : २,४०० किमी.
१५७° से. : १,२०० किमी.

यासोबत हानीचे टप्पेही सांगितले जात. सु. ११६° से.ला आतील भागांवर रोगणासारखा तपकिरी थर बसू लागतो, सु. १२७° से.ला रबरी सील कडक होऊ लागतात, सु. १४६° से.ला क्लचच्या तबकड्या घसरू लागतात आणि १५७° से.च्या पुढे सील व तबकड्या जळून कार्बन तयार होतो.

या कोष्टकामागचा नियम सरळ आहे. तापमान २० फॅरनहाइट अंशांनी, म्हणजे सु. ११ सेल्सिअस अंशांनी वाढले, की आयुष्य निम्मे होते. रासायनिक विक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातीय प्रमाणात वाढतो, हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनी १८८९ मध्ये समीकरणाच्या रूपाने मांडले. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो, हा त्याचा स्थूल व्यावहारिक अर्थ अभियंत्यांना परिचित होता. गिअरबॉक्सच्या कोष्टकात तोच नियम किलोमीटरांच्या भाषेत उतरला.

द्रवातील विक्रियाही याच रीतीने चालते. हायड्रोकार्बनाचे रेणू प्राणवायूशी संयोग पावून पेरॉक्साइडे बनतात. त्यांपासून आम्ले व शेवटी चिकट गाळ तयार होतो. ही शृंखला-विक्रिया असल्याने एकदा सुरू झाली की ती स्वतःच वेग घेते. ती रोखण्यासाठी द्रवात ऑक्सिडीभवनरोधक समावेशके घातलेली असतात. ती स्वतः खर्ची पडून तेलाचे रक्षण करतात. जोवर त्यांचा साठा शिल्लक आहे तोवर द्रवात विशेष बदल दिसत नाही. साठा संपताच द्रवाचा ऱ्हास झपाट्याने होतो. रंग व वास यांवरून परीक्षा करणाऱ्याला म्हणूनच धोक्याची सूचना उशिरा मिळते.

वरील नियमाचा एक अर्थ महत्त्वाचा आहे. सुरक्षित तापमान ही ओलांडल्यास तत्काळ अपघात घडविणारी सीमारेषा नव्हे. ती खर्चाची नोंद आहे. ७९° से.ला १,६०,००० किमी. टिकणारा द्रव ताशी सरासरी ५० किमी. वेगाने सु. ३,२०० तास काम देतो. हाच द्रव एक तास १२४° से.ला राहिला, तर त्याच्या आयुष्यातील सु. १६ तास खर्च होतात, १४६° से.ला एक तास राहिल्यास सु. ६४ तास, म्हणजे एकूण आयुष्याच्या सु. दोन टक्के. पेटी थंड झाल्यावर मापक पूर्ववत होतो, परंतु खर्च झालेली समावेशके परत येत नाहीत. घाटात वर्षातून एकदा द्रव तापणे आणि रोज दोन तास ओढगाडी ओढताना तो तेवढाच तापणे, या दोहोंत याच कारणाने मोठा फरक आहे.

कोष्टकाच्या मर्यादा : हे कोष्टक खनिज तेलापासून बनविलेल्या जुन्या द्रवांच्या काळातील आहे. आजच्या द्रवांना ते जसेच्या तसे लावल्यास चुकीचे निष्कर्ष निघतात. १९९३ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-३ या द्रवाच्या ऑक्सिडीभवन चाचणीवरून हे स्पष्ट होते. या चाचणीत खरी गिअरबॉक्स विद्युत् चलित्राने (मोटरने) फिरवीत, तीत हवा सोडीत आणि द्रव १६३° से. तापमानाला ३०० तास ठेवीत. कोष्टकानुसार या तापमानाला द्रव ८००–९०० किमी., म्हणजे सु. १७ तासच टिकावयास हवा. चाचणीनंतर द्रव नव्यासारखा राहावा अशी अपेक्षा नसते. त्याची आम्लता व दाटपणा ठराविक मर्यादेत राहावा, एवढीच अट असते. तरीही ३०० व १७ यांतील अंतर सूचक आहे. सीलांविषयीचे टप्पेही कालबाह्य झाले आहेत. नायट्राइल रबर ज्या तापमानाला कडक होते, ते तापमान नंतर वापरात आलेली फ्ल्युओरिनयुक्त रबरे सहज सोसतात.

कोष्टकातील आकडे शिथिल झाले, तरी त्यामागील घातीय नियम मात्र रद्द होत नाही. संश्लेषित द्रवाची आयुष्यरेखा उजवीकडे सरकते, तिचा उतार तसाच राहतो. १३०° से.ला वापरलेला आजचा द्रव जुन्या द्रवापेक्षा अधिक टिकेल; पण तो १०० अंशांना वापरलेल्या आजच्याच द्रवाएवढा टिकणार नाही.

शीतन व सरक-निवारण : उष्णतेवर मात करण्याचे दोन मार्ग असतात. एक, निर्माण झालेली उष्णता बाहेर काढणे. दुसरा, ती निर्माणच होऊ न देणे. पहिल्या मार्गात प्रारंभी काही रचना पेटीच्या कवचावरून वाहणाऱ्या हवेवरच अवलंबून होत्या. पुढे एंजिनाच्या रेडिएटरमध्येच द्रवाची नळी गुंडाळून बसविण्याची पद्धत रूढ झाली. तिचा एक लाभ असा, की थंडीत रेडिएटरमधील गरम पाणी द्रवाला लवकर गरमही करते. मर्यादा अशी, की रेडिएटरमधील पाणी सु. ९०° से. असताना द्रव त्याहून थंड होऊ शकत नाही. ओढगाडी ओढणाऱ्या वाहनांना म्हणून हवेने थंड होणारा स्वतंत्र शीतक जोडतात.

दुसरा मार्ग १९७३ च्या तेलसंकटाने पुन्हा खुला केला. इंधनबचतीची निकड निर्माण होताच कन्व्हर्टरची चक्रे क्लचने जोडण्याची कल्पना परत आली. क्रायस्लरने १९७८ च्या गाड्यांत अशी पेटी आणली व नंतरच्या दशकात ती पद्धत सार्वत्रिक झाली. इंधनासाठी केलेल्या या सुधारणेने सपाट रस्त्यावरील द्रवाचे तापमानही उतरले. चढावर अथवा रहदारीत हा क्लच सुटला, की सरक व उष्णता परत येतात. चढ चढताना खालचा गिअर निवडावा, असा सल्ला त्यामुळे दिला जातो. त्यायोगे एंजिनाचा वेग वाढून सरक कमी होते व द्रव शीतकातून अधिक प्रमाणात फिरतो.

मापनाची जागा : तापमानाचा आकडा कोठे मोजला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. सामान्यतः द्रव टॉर्क कन्व्हर्टरमधून शीतकाकडे जातो व थंड होऊन धारव्यांचे वंगण करीत तळपात्रात परततो. त्यामुळे तळपात्रातील संवेदक थंड झालेल्या द्रवाचे तापमान दाखवितो, तर कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारा द्रव त्याच क्षणी कितीतरी अधिक गरम असू शकतो. तळपात्रातील ९५° से. व कन्व्हर्टरच्या मुखाशी १२५° से. हे दोन्ही आकडे एकाच गाडीचे व एकाच क्षणाचे असू शकतात. दोन गाड्यांची तुलना करताना ही बाब दुर्लक्षिली गेल्याने पुष्कळ गैरसमज होतात.

थंडीकडील मर्यादा : सुरक्षित तापमानाला खालची बाजूही आहे. शून्याखालच्या तापमानाला द्रव काकवीसारखा दाट होतो, पंपाला तो ओढता येत नाही आणि क्लचला दाब मिळण्यास विलंब लागतो. म्हणून -४०° से.ची श्यानता (द्रवाचा दाटपणा) विनिर्देशांत नमूद असते. डेक्सरॉन-२ ला या तापमानाला ५०,००० सेंटिपॉइझपर्यंत श्यानतेची मुभा होती. डेक्सरॉन-३ मध्ये ही मर्यादा २०,००० वर आणण्यात आली. थंडीत पातळ व उष्णतेत पुरेसा दाट राहणारा द्रव खनिज तेलापासून बनविणे कठीण असते. संश्लेषित व अतिशुद्ध मूळ तेलांकडे उत्पादक वळले, त्यामागे टिकाऊपणाइतकेच हेही कारण होते. द्रव तापल्यावर प्रसरण पावत असल्याने त्याची पातळीही विहित तापमानालाच तपासावी लागते. थंड पेटीत पूर्ण भरलेला द्रव गरम झाल्यावर फिरत्या भागांना लागून फेसाळतो व हवा मिसळल्याने ऑक्सिडीभवन वाढते.

आजीव भरण : २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-६ या द्रवाची १००° से.ची श्यानता पूर्वीच्या द्रवांपेक्षा कमी, सु. ६ सेंटिस्टोक ठेवण्यात आली. वापरात द्रव पातळ होत जातो. हा द्रव प्रारंभापासून पातळ असला, तरी त्याचा पातळपणा पुढे फारसा वाढत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. अशा द्रवांच्या आधारे अनेक मोटार-उत्पादकांनी ‘द्रव गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेला आहे’ असे सांगण्यास सुरुवात केली. काही पेट्यांतून तर चालकाला पातळी पाहण्यासाठी दिली जाणारी पट्टीही काढून टाकण्यात आली. याउलट अनेक मोटार-कंपन्यांना पेट्या पुरविणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीने वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किमी. अंतरानंतर द्रव बदलण्याची शिफारस केली आहे. या दोन भूमिकांतील विरोध वरवरचा आहे. आयुष्यभर या शब्दाचा अर्थ कोणाचे व किती आयुष्य, तसेच कोणत्या तापमानातील वापर, यावर अवलंबून असतो. मध्यम हवामानात सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीबाबत खरे ठरणारे विधान उष्ण प्रदेशात, चढावर वा रहदारीत चालणाऱ्या गाडीबाबत खरे ठरेलच असे नाही. बहुतेक उत्पादक कठोर वापरासाठी वेगळी मुदत देतात. ती सूचना पुस्तिकेच्या मागील पानांत असल्याने अनेकदा वाचली जात नाही.

भारतातील वाहने : भारतात दीर्घकाळ हाताने गिअर बदलण्याच्याच गाड्या प्रचलित होत्या. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ गाडीत बसविलेल्या पेटीपासून स्वयंचलित गाड्या सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आल्या. या प्रकारात साधी दंतचक्र पेटी व कोरडा क्लच यांची हालचाल यंत्रणेकडून केली जाते. तीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. म्हणून वर वर्णन केलेले तापमानाचे गणित तिला लागू पडत नाही. चढावरील रहदारीत तापतो तो तिचा क्लच. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्या, तसेच पट्ट्यावर चालणाऱ्या अखंड-बदल पेट्या यांमध्ये मात्र द्रवाचा प्रश्न पूर्णपणे उपस्थित होतो. अखंड-बदल पेटीचा द्रव घर्षणगुणांच्या दृष्टीने वेगळा असतो व तो इतर द्रवांशी अदलून वापरता येत नाही. नागपूर–चंद्रपूर भागात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से.च्या पुढे जाते. शीतकाची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता द्रव व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असल्याने, १०० अंशांच्या द्रवासाठी २० अंशांच्या हवेत मिळणारा ८० अंशांचा फरक तेथे ५५ अंशांवर येतो. तोच शीतक त्यामुळे तेथे जवळजवळ एक-तृतीयांशाने दुबळा ठरतो. थंड देशांत ठरविलेली देखभालीची मुदत येथे तशीच स्वीकारताना हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

सामान्यतः आजच्या द्रवांच्या बाबतीत तळपात्रातील ८०° ते १००° से. हे तापमान नित्य वापराचे मानतात. सु. १२०° से.पर्यंतची वाढ अल्पकाळ सोसण्याजोगी असते. त्यापुढे भार कमी करणे, सुरक्षित जागी थांबून गिअर मोकळा ठेवणे व एंजिन काही काळ मध्यम वेगाने चालू ठेवून द्रव शीतकातून फिरू देणे इष्ट असते. एंजिन लगेच बंद केल्यास द्रवाचे अभिसरण थांबते व तप्त कन्व्हर्टरमधील द्रव तेथेच राहतो. विशिष्ट गाडीसाठी उत्पादकाने दिलेली मर्यादा वेगळी असल्यास तीच ग्राह्य धरावी. द्रव प्रत्यक्षात किती तापला व किती वेळ तापला, यांची नोंद ठेवून त्याच्या बदलाची मुदत ठरविणे हे केवळ अंतरावरून ती ठरविण्यापेक्षा अधिक शास्त्रीय होय. नव्या वाहनांपैकी काहींतील संगणकीय नियंत्रक अशी नोंद ठेवून द्रवाचे उरलेले आयुष्य दर्शवितात.